कंट्रोलरची युनिट टेस्ट: नेमकं तपासायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: पहिली नोकरी, स्प्रिंग बूटवरचं दूध संकलन केंद्राचं ॲप, त्यात संकलनाच्या नोंदी घेणारा एक कंट्रोलर. टीम लीडने सांगितलंय की कंट्रोलरच्या युनिट टेस्ट लिहा, ८० टक्के कव्हरेज (टेस्टमध्ये चाललेल्या कोडचं प्रमाण) दिसलं पाहिजे. मग कंट्रोलरचा ऑब्जेक्ट बनवला, त्याला सर्व्हिसचा मॉक, म्हणजे खऱ्या सर्व्हिसच्या जागी बसवलेला बनावट ऑब्जेक्ट, दिला, मेथड थेट कॉल केली आणि उत्तर नल नाही एवढं असर्ट केलं. टेस्ट हिरवी झाली, कव्हरेज वाढलं, पण यातून सिद्ध काय झालं ते कळत नाही. आणि कंट्रोलरसाठी आणखी कुठल्या टेस्ट लिहायच्या तेही सुचत नाही.

तुमची शंका रास्त आहे. त्या टेस्टमधून जवळपास काहीच सिद्ध झालेलं नाही. मॉकला सांगितलं की हा ऑब्जेक्ट परत दे, त्याने तो दिला, कंट्रोलरने पुढे सरकवला, तुम्ही तो नल नाही हे पाहिलं. मॉक बनवणारं मॉकिटो नीट चालतं एवढं कळलं, आणि त्याबद्दल कुणाला शंका नव्हती.

टेस्टला हात घालण्याआधी कंट्रोलर करतो काय ते बघू. बाहेरून एचटीटीपी रिक्वेस्ट येते: पाथ, हेडर, जेसन. त्यातून जावाचे ऑब्जेक्ट बनतात, ते तपासले जातात, सर्व्हिसकडे जातात. सर्व्हिसचं उत्तर, किंवा तिने फेकलेलं एक्सेप्शन, पुन्हा स्टेटस कोड आणि जेसन होऊन बाहेर पडतं. १९७९ मध्ये झेरॉक्स पार्कला ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) मांडलं तेव्हा वेब नव्हतं. त्यांचा कंट्रोलर कीबोर्ड-माउसवरून आलेलं आत पोचवायचा. काम तेव्हाही दारावरचंच होतं, आजही तेच आहे. तेव्हा कंट्रोलरची टेस्ट म्हणजे दारावर काय घडतं त्याची टेस्ट: अमुक रिक्वेस्ट आली तर आत काय गेलं आणि बाहेर काय आलं. लिटर गुणिले दर बरोबर येतं का, हा प्रश्न तिथला नव्हे.

गंमत अशी की हे दारावरचं काम तुम्ही लिहिलेल्या कोडमध्ये फारसं दिसतच नाही. ते ॲनोटेशनमध्ये असतं. तुमची नोंद घेणारी मेथड बघा. वर पोस्टमॅपिंग, पॅरामीटरवर व्हॅलिड आणि रिक्वेस्टबॉडी, आणि आत जेमतेम तीन ओळी: सर्व्हिसला नोंद द्या, परत आलेल्या आयडीवरून पत्ता बनवा, २०१ (नवी नोंद तयार झाली) पाठवा. मेथड थेट कॉल केली की ही सगळी ॲनोटेशन्स नुसती शोभेला उरतात, कारण ती वाचणारं स्प्रिंग त्या टेस्टमध्ये हजरच नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर आत्ताच एक प्रयोग करा. तुमची सध्याची टेस्ट तशीच ठेवा आणि कंट्रोलरमधून व्हॅलिड काढून टाका. टेस्ट हिरवी. आता पोस्टमॅपिंगच काढा, म्हणजे त्या पाथवर जगातला कुठलाही क्लायंट पोचू शकणार नाही. टेस्ट तरीही हिरवी. अशी टेस्ट नसलेली बरी, कारण ती आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात.

याहून सूक्ष्म उदाहरण हवं असेल तर स्प्रिंग ६.१ चं घ्या. त्या आवृत्तीपासून पाथव्हेरिएबलला नाव दिलं नसेल तर कंपायलरला पॅरामीटर्स हा फ्लॅग दिलेला असणं भाग आहे. तो नसेल तर रिक्वेस्ट आल्यावर 'आर्ग्युमेंटचं नाव दिलेलं नाही' असं एक्सेप्शन येतं. बूटचा मेव्हन पॅरेंट किंवा ग्रेडल प्लगइन वापरत असाल तर फ्लॅग आपोआप लागतो, पण जुना हाताने जुळवलेला बिल्ड असला की हमखास फसायला होतं. थेट कॉल करणाऱ्या टेस्टला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे: कंट्रोलरची टेस्ट मॉकएमव्हीसीमधून लिहा. ते २०१२ पासून, म्हणजे स्प्रिंग ३.२ पासून, फ्रेमवर्कमध्येच आहे. यात खरा सर्व्हर उठत नाही, पोर्ट उघडत नाही. पण स्प्रिंगचं खरं डिस्पॅचरसर्व्हलेट चालतं आणि त्याला बनावट रिक्वेस्ट दिली जाते. त्यामुळे मॅपिंग, जेसन वाचणं, व्हॅलिडेशन, एक्सेप्शनचं स्टेटसमध्ये रूपांतर, हे सगळं खरोखर घडतं. सर्व्हिस तेवढी मॉक.

"मग ही युनिट टेस्ट कुठे राहिली, ही तर इंटिग्रेशन टेस्ट झाली" असं कोणीतरी पीआरमध्ये (पुल रिक्वेस्टमध्ये) लिहीलच. लिहू दे. टेस्ट डेटाबेसशिवाय, नेटवर्कशिवाय चालते आणि फक्त तुमच्या कंट्रोलरचं वागणं तपासते, एवढं पुरेसं आहे. नावावरून वाद घालण्यात ज्यांचा वेळ जातो त्यांच्या टेस्ट सहसा लिहून होत नाहीत.

आता मांडणी. टेस्ट क्लासवर वेबएमव्हीसीटेस्ट हे ॲनोटेशन लावा आणि त्यात तुमच्या कंट्रोलरचं नाव द्या. नाव दिलं नाही तर ॲपमधले सगळे कंट्रोलर उचलले जातात आणि प्रत्येकाची सर्व्हिस मॉक करत बसावं लागतं. हे ॲनोटेशन बूट १.४ पासून आहे. ते वेबशी संबंधित तेवढेच बीन्स (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) उठवतं: कंट्रोलर, कंट्रोलरॲडव्हाइस (एक्सेप्शन आलं तर काय उत्तर द्यायचं ते ठरवणारा सामायिक क्लास), जेसन कन्व्हर्टर वगैरे. सर्व्हिस आणि रिपॉझिटरी उठत नाहीत, त्यामुळे सर्व्हिसच्या जागी मॉक द्यावा लागतो. नेटवरच्या बहुतेक उदाहरणांत तिथे मॉकबीन दिसेल. बूट ३.४ मध्ये ते डेप्रिकेटेड झालं, म्हणजे वापरू नका असं ठरलं. त्याऐवजी स्प्रिंग फ्रेमवर्क ६.२ मधलं मॉकिटोबीन वापरा. काम तेच.

स्प्रिंगबूटटेस्ट मात्र इथे नको. तुमच्या प्रोजेक्टमध्ये बाकीच्यांनी सर्रास तेच लावलंय असं तुम्ही म्हणता. त्याने अख्खं ॲप उठतं, डेटाबेस लागतो, आणि एका ४०० साठी (चुकीची रिक्वेस्ट) टेस्टला मायएसक्यूएलची वाट बघावी लागते. अशा टेस्ट असाव्यात, पण मोजक्या: नोंद टाकली आणि ती खरोखर टेबलात पडली, हा एक प्रवास तपासायला.

पहिली टेस्ट सगळं सुरळीत होतं त्या वाटेची. सभासद क्रमांक, सत्र सकाळ, ११.५ लिटर, फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ असं जेसन पोस्ट करायचं. त्याआधी मॉकला सांगून ठेवायचं की नोंद आली की ४२ आयडी असलेली नोंद परत दे. मग तीन गोष्टी बघायच्या. स्टेटस २०१ आला का? लोकेशन हेडरचा शेवट ४२ ने होतो का? आणि तिसरी, जी नवशिके हटकून विसरतात: सर्व्हिसला जे दिलं गेलं ते रिक्वेस्टमध्ये होतं तेच का?

या तिसऱ्यासाठी आर्ग्युमेंटकॅप्टर आहे. मॉकला कॉल झाला तेव्हा कुठला ऑब्जेक्ट आला तो त्यात पकडता येतो, मग त्यातले लिटर ११.५, फॅट ३.५, एसएनएफ ८.५ असं एकेक तपासायचं. हे का? कारण कंट्रोलरमध्ये डीटीओवरून (रिक्वेस्टचा डेटा धरणारा ऑब्जेक्ट) एंटिटी (टेबलात जाणारा ऑब्जेक्ट) भरताना कॉपी-पेस्ट होते आणि फॅटच्या जागी एसएनएफ जातो. दोन्ही दशांश संख्या, कंपायलर गप्प. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, तेव्हा ही अदलाबदल थेट शेतकऱ्याच्या बिलात उतरते. टेस्टमध्ये मॉकला 'काहीही आलं तरी चालेल' म्हणजे एनी देऊन ठेवलं असेल तर ती या अदलाबदलीवरही हिरवीच राहणार. एनी वापरू नका असं नाही. स्टब करताना, म्हणजे मॉकला उत्तर सांगून ठेवताना, वापरा, पण मग व्हेरिफाय करताना नेमकं काय गेलं ते बघा. टेस्टमधले आकडेही वेगवेगळे ठेवा. फॅट ४ आणि एसएनएफ ४ दिलं तर अदलाबदल झालेली कोणाला दिसणार?

जाता जाता: जेयुनिट ५ मध्ये डिस्प्लेनेम आहे, त्यात बिनधास्त मराठीत लिहा. "लिटर ऋण असतील तर ४०० आणि सर्व्हिसला हात लागू नये" असं नाव पाइपलाइनच्या लॉगमध्ये लाल झालं तर काय बिघडलंय ते कोड न उघडता कळतं.

खरी कमाई चुकीच्या रिक्वेस्टच्या टेस्टमध्ये असते. माझं प्रमाण सांगायचं तर सुरळीत वाटेची एक टेस्ट असेल तर बिघडलेल्या वाटांच्या तीन-चार असतात. सुरळीत वाट तुम्ही पोस्टमॅन या रिक्वेस्ट पाठवायच्या टूलमध्ये दिवसातून दहा वेळा आपसूक चालवता. बिघडलेली कोणी चालवत नाही.

ऋण लिटर पाठवा. अपेक्षा: स्टेटस ४००, आणि सर्व्हिसला एकदाही कॉल नाही. दुसरा भाग व्हेरिफायमध्ये नेव्हर लावून तपासायचा. नुसता ४०० पुरत नाही, कारण नोंद आधी सेव्ह होऊन मग एरर आला तरी क्लायंटला ४०० च दिसेल. ही टेस्ट लाल आली तर आधी तीन ठिकाणी बघा. व्हॅलिड लावायचं राहिलंय का? जेसनच्या आत दुसरा ऑब्जेक्ट असेल तर त्या आतल्या फील्डवर व्हॅलिड आहे का? आणि व्हॅलिडेशनचा स्टार्टर बिल्डमध्ये आहे का? बूट २.३ पासून तो वेब स्टार्टरबरोबर येत नाही, वेगळा मागावा लागतो.

मग फॅट हे फील्डच न पाठवता रिक्वेस्ट करा. इथे हमखास धक्का बसतो. डीटीओमध्ये फॅट हे लहान डबल, म्हणजे प्रिमिटिव्ह, असेल तर त्यावर लावलेल्या नॉटनलचा काही उपयोग नाही. प्रिमिटिव्ह कधी नल नसतंच. जॅक्सन २ त्या फील्डमध्ये गुपचूप शून्य ठेवतं, व्हॅलिडेशन खूश, आणि शून्य फॅटचं दूध नोंदवलं जातं. डबलच्या जागी बिगडेसिमल घ्या. दरासाठी आणि रकमेसाठी तर तेच हवं. हा बग कोड रिव्ह्यूमध्ये सहज सुटतो. 'फॅट नसेल तर ४००' ही टेस्ट लिहिली की पहिल्याच फेरीत सापडतो.

पुढची टेस्ट: लिटरच्या जागी "अकरा" असा मजकूर. व्हॅलिडेशनपर्यंत गाडी पोचतच नाही, जेसन वाचतानाच फसतं, तरी स्टेटस ४०० च यायला हवा. तुमच्या कंट्रोलरॲडव्हाइसमध्ये सरसकट एक्सेप्शन पकडून ५०० देणारा हँडलर असेल, आणि बऱ्याच प्रोजेक्टमध्ये असतो, तर इथे ५०० येईल. चूक क्लायंटची, बोंब मात्र सर्व्हरच्या नावाने. रात्री अलर्ट वाजतात ते यामुळेच.

त्याच सत्राची दुसरी नोंद आली तर सर्व्हिस 'नोंद आधीच आहे' असं एक्सेप्शन फेकते. टेस्टमध्ये मॉकलाच ते फेकायला सांगा आणि ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) येतो का ते बघा. नोंद सापडली नाही तर ४०४, तेही असंच. दुसरी नोंद कशी ओळखायची हे सर्व्हिसचं काम आणि सर्व्हिसच्या टेस्टचं. इथे प्रश्न एवढाच: ते एक्सेप्शन आलं तर बाहेर काय दिसतं.

या टप्प्यावर मॉकएमव्हीसीच्या दोन मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या, नाहीतर अर्धा दिवस जातो. पहिली: कोणीच न पकडलेलं एक्सेप्शन खऱ्या सर्व्हरवर ५०० होऊन बाहेर येतं, पण मॉकएमव्हीसीमध्ये ते थेट परफॉर्मच्या ओळीतून तुमच्या टेस्टवर आदळतं. '५०० अपेक्षित' असं लिहिलंत तरी तिथवर टेस्ट पोचत नाही. दुसरी: खऱ्या ॲपमध्ये एररच्या वेळी बूट जे जेसन देतं, टाइमस्टॅम्प, स्टेटस, पाथ असलेलं, ते एररच्या वेगळ्या पाथवर पुन्हा फॉरवर्ड होऊन तयार होतं. ते फॉरवर्ड सर्व्हर करतो आणि इथे सर्व्हरच नाही. म्हणून तुमचा स्वतःचा हँडलर नसेल तर ४०० ची बॉडी टेस्टमध्ये रिकामी दिसते. टेस्ट चुकलेली नाही. पण मोबाइल ॲपवाल्यांना एररचा ठरावीक साचा हवा असेल तर तो स्वतःच्या कंट्रोलरॲडव्हाइसमधून द्या, मग तो तपासताही येतो.

मॉकबद्दल आणखी थोडं. ज्या मेथडला काही सांगून ठेवलेलं नाही ती कॉल झाली तर मॉक ओरडत नाही. ऑब्जेक्ट हवा असेल तर नल देतो, लिस्ट हवी असेल तर रिकामी लिस्ट, ऑप्शनल हवं असेल तर रिकामं ऑप्शनल. म्हणून 'सापडलं नाही तर ४०४' ही टेस्ट काही न स्टब करताही हिरवी होऊ शकते आणि तुम्हाला वाटतं आपण काहीतरी तपासलं. रिकामं ऑप्शनल दे असं स्पष्ट लिहा. वाचणाऱ्याला हेतू कळतो. एका कॉलमध्ये काही आर्ग्युमेंटला मॅचर आणि काहींना थेट किंमत असं मिसळता येत नाही, मॉकिटो एक्सेप्शन देतं. एकाला एनी लावलं की दुसऱ्यालाही ईक्यूमध्ये गुंडाळा.

स्प्रिंगशिवाय लिहिलेल्या साध्या मॉकिटो टेस्टमध्ये इंजेक्टमॉक्स दिसेल. ते मॉक बसवायचा प्रयत्न करतं आणि जमलं नाही तर चकार शब्द काढत नाही. फील्ड नल राहतं आणि नलपॉइंटर भलतीकडे फुटतो. यावर उपाय कंट्रोलरमध्येच आहे: ऑटोवायर्ड फील्ड काढा, डिपेन्डन्सी कन्स्ट्रक्टरमधून घ्या. स्प्रिंग ४.३ पासून एकच कन्स्ट्रक्टर असेल तर त्यावर ऑटोवायर्ड लिहायचीही गरज नाही. मग टेस्टमध्ये न्यू करून मॉक हातात देता येतो, जादू लागत नाही. शिवाय कन्स्ट्रक्टरमध्ये सात पॅरामीटर झाले की लाज वाटायला लागते, हा फायदा वेगळाच.

त्यावरून तुमच्या कंट्रोलरची दुसरी मेथड, दहा दिवसांचं बिल काढणारी. तुम्ही दिलेल्या वर्णनानुसार ती साठेक ओळींची आहे: रिपॉझिटरीतून नोंदी आणते, फॅट-एसएनएफच्या तक्त्यावरून दर लावते, पशुखाद्याची उधारी वजा करते, आणि मध्येच आजची तारीख विचारते. "याची टेस्ट कशी लिहू?" असं तुम्ही विचारलंय. आहे तशी लिहूच नका. मॉकएमव्हीसीने दराची पंधरा समीकरणं तपासायला जाल तर प्रत्येकासाठी जेसन बनवा, जेसन वाचा, असा पसारा होईल. हिशोब एका बिल सर्व्हिसमध्ये हलवा. त्याची टेस्ट साध्या जावात होते: नोंदी द्या, रक्कम बघा. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर सांगताना धरतात तो आधार. त्याच्या खाली एक पायरी, वर एक पायरी आणि तक्त्याच्या दोन्ही टोकांपलीकडे, अशा टेस्ट तिथे शोभतात. 'आजची तारीख' लोकलडेटला थेट विचारू नका, क्लॉक डिपेन्डन्सी म्हणून घ्या. नाहीतर महिन्याच्या ३१ तारखेला बिल्ड लाल होतो आणि १ तारखेला आपोआप हिरवा, आणि मग कोणी कारण शोधायच्या फंदात पडत नाही.

हिशोब बाहेर गेल्यावर कंट्रोलरमध्ये बिलाच्या मेथडच्या चार ओळी उरतील आणि त्याच्या टेस्टही दोन-तीन. तारखांचा क्रम उलटा दिला तर ४००, सभासद नसेल तर ४०४, बरोबर असेल तर २०० आणि जेसनचा साचा. टेस्ट लिहायला जड जातंय, मॉक पाच-पाच लागतायत, असं झालं की दोष बहुधा टेस्ट लिहिणाऱ्याचा नसतो, कंट्रोलरमध्ये भलतं काम घुसलेलं असतं.

जेसनचा साचा तपासायला जेसनपाथ आहे. त्यात एक जुना खड्डा: आयडी जावात लाँग आहे म्हणून तुम्ही हॅमक्रेस्टचा इझ मॅचर वापरून ४२ लाँग असं लिहिता, आणि टेस्ट म्हणते अपेक्षित ४२एल, मिळालं ४२. जेसनमध्ये लाँग आणि इंट असा भेद नसतो, छोटी संख्या इंटिजर म्हणूनच वाचली जाते. मॅचरमध्ये साधा ४२ लिहा. अख्खं जेसन स्ट्रिंग म्हणून तुलना करू नका, फील्डचा क्रम बदलला तरी लाल होईल. क्लायंट ज्या फील्डवर अवलंबून आहे ती चार-पाच तपासा. आणि जे जाऊ नये ते जात नाही हेही: सभासदाचा बँक खाते क्रमांक एंटिटीत आहे, उत्तरात नको, तर तो 'अस्तित्वात नाही' अशी एक ओळ घाला. एंटिटी सरळ रिटर्न करायची सवय ज्या टीममध्ये आहे तिथे ही ओळ सोन्यासारखी.

तारखांचं एक सांगून ठेवतो. मॉकएमव्हीसी दोन प्रकारे उभारता येतं. वेबएमव्हीसीटेस्टने, किंवा स्टँडअलोन सेटअपने, ज्यात तुम्ही कंट्रोलरचा एक ऑब्जेक्ट देता आणि स्प्रिंगचं कॉन्टेक्स्ट उठतच नाही. दुसरा प्रकार झटपट आहे, पण त्यात बूटची जॅक्सनची सेटिंग लागू होत नाहीत. बूट २ आणि ३ मध्ये लोकलडेट खऱ्या ॲपमध्ये "२०२४-०६-१५" अशी स्ट्रिंग जाते. स्टँडअलोनमध्ये तीच वर्ष, महिना, दिवस अशा तीन आकड्यांची ॲरे होऊन येते. टेस्टप्रमाणे कोड 'दुरुस्त' करायला गेलात तर खरं ॲप मोडाल. शिवाय स्टँडअलोनमध्ये कंट्रोलरॲडव्हाइस स्वतः जोडावा लागतो. नवीन माणसाला मी वेबएमव्हीसीटेस्टच सुचवतो.

आपल्याकडे डेटा मराठीत असतो, म्हणून हेही. रिस्पॉन्समधलं गावाचं नाव स्ट्रिंग म्हणून काढलं आणि कोल्हापूरच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली, तर लगेच डेटाबेसच्या कॅरॅक्टर सेटकडे धावू नका. स्प्रिंग ५.२ पासून जेसनच्या कंटेंट टाइपला चारसेट जोडत नाहीत, आणि चारसेट दिसला नाही की मॉक रिस्पॉन्स काही आवृत्त्यांत आयएसओ-८८५९-१ धरून वाचतो. देवनागरीची त्यात वाट लागते. बॉडी स्ट्रिंग म्हणून मागताना यूटीएफ-८ स्पष्ट द्या. आणि एक तरी टेस्ट देवनागरी नावाची ठेवाच. 'टेस्ट युजर १' वर चालणारं ॲप 'ज्ञानेश्वर' वर चालतंच असं नाही.

सिक्युरिटीने नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळलेलं आहे. स्प्रिंग सिक्युरिटी प्रोजेक्टमध्ये असेल तर वेबएमव्हीसीटेस्टमध्येही ती जागी होते, पण तुमच्या कॉन्फिगरेशन क्लासमधले नियम सहसा आपोआप उचलले जात नाहीत, बूटचे डीफॉल्ट लागतात. मग गेटला ४०१ (लॉगिन नाही) येतो. विथमॉकयुजर लावलं की गेट चालायला लागतं, आणि पोस्ट मात्र ४०३ (परवानगी नाही) वर अडून बसतं. लोक रोल तपासत बसतात. कारण सीएसआरएफ टोकन (दुसऱ्या साइटवरून तुमच्या नावाने आलेली बनावट रिक्वेस्ट अडवणारी खूण) हे असतं. रिक्वेस्टला विथ सीएसआरएफ जोडा. तुमच्या ॲपने एपीआयसाठी सीएसआरएफ बंद केलं असेल तर त्याऐवजी तो कॉन्फिगरेशन क्लासच टेस्टमध्ये इम्पोर्ट करा, म्हणजे खरे नियम लागतील. फिल्टर्स बंद करून टाकण्याचा पर्याय स्टॅकओव्हरफ्लोवर पहिल्या उत्तरात मिळतो. मी तो घेत नाही. 'दर फक्त सचिवाला बदलता येतो, संकलकाने प्रयत्न केला तर ४०३' ही टेस्ट या ॲपमधली सगळ्यात मोलाची असेल, आणि फिल्टर बंद केले की नेमकी तीच लिहिता येत नाही.

टेस्ट लिहून झाली की ती मुद्दाम लाल करून बघा. वरचा प्रयोग आठवा: व्हॅलिड काढा, स्टेटस बदला, फॅट-एसएनएफ उलटे करा. प्रत्येक मोडतोडीला किमान एक टेस्ट लाल झाली पाहिजे. झाली नाही तर ती जागा उघडी आहे. हेच काम आपोआप करणारं जावाचं पिट नावाचं टूल आहे, पण एका कंट्रोलरपुरतं हाताने दहा मिनिटांत होतं.

वेगाबद्दल: स्प्रिंग टेस्टचं कॉन्टेक्स्ट कॅश करतं आणि सारख्या सेटअपच्या टेस्ट क्लासमध्ये तेच वापरतं. प्रत्येक क्लासमध्ये मॉक बीन्सचा वेगळा संच असला की प्रत्येकासाठी नवं कॉन्टेक्स्ट उठतं. कंट्रोलर चाळीस झाले आणि बिल्ड रेंगाळायला लागला की सेटअप एका सामायिक बेस क्लासमध्ये आणायचा विचार करा. आत्ता नको. आणि कोणीतरी 'टेस्ट एकमेकींना बिघडवतायत' म्हणून डर्टीजकॉन्टेक्स्ट सगळीकडे चिकटवलं असेल तर ते कॅशच मोडतं. आधी कुठली टेस्ट काय मागे सोडून जाते ते शोधा.

राहिलं ८० टक्क्यांचं. कव्हरेज मोजणारं जाकोको कोडचा कुठला भाग चालला एवढंच मोजतं. असर्ट केलं की नाही ते त्याला कळत नाही. तुमच्या पहिल्या टेस्टने टक्का वाढला तो याच कारणाने. टीम लीडशी आकड्यावरून वाद घालू नका. गेटर-सेटरच्या टेस्ट लिहून आकडा गाठण्याऐवजी वरच्या बिघडलेल्या वाटा लिहा. कंट्रोलरॲडव्हाइसचे हँडलर आणि व्हॅलिडेशनचे कोपरे त्यात आपोआप चालून जातात, आणि पातळ कंट्रोलरचा टक्का त्यातच गाठला जातो. बिल सर्व्हिस वेगळी काढल्यावर तिचं कव्हरेज तिच्या टेस्टमधून येईल. पीआर करताना दोन वेगळे करा: आधी हिशोब हलवण्याचा, मग टेस्टचा. रिव्ह्यू करणाऱ्याला एकाच पीआरमध्ये दोन्ही दिलंत तर तो टेस्ट वाचणार नाही.

सुरुवात नोंद घेणाऱ्या मेथडपासून करा, त्यातही 'फॅट नसेल तर ४००' पासून. डीटीओमध्ये डबल असेल तर ती लाल येईल, आणि लीडला दाखवायला हातात काहीतरी ठोस असेल.